स्वतः गोळा केलेला माल फुकट नसतो: आल्बियनमध्ये पिशवीचा भाव कसा काढायचा

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू मोबाइलवर आल्बियन ऑनलाइन खेळतोस (हजारो लोकांचा एकत्र खेळ, ज्यात माल खेळाडूच बनवतात आणि एकमेकांना विकतात), प्रीमियम, म्हणजे सवलती देणारं सदस्यत्व, घेतलेलं नाही. फायबर (तंतू) आणि हाइड (कातडी) स्वतः फिरून गोळा करतोस, त्याचं कापड आणि लेदर करतोस आणि त्यातून चौथ्या टियरच्या, म्हणजे चौथ्या पातळीच्या, पिशव्या बनवतोस. बाजारात सगळ्यात स्वस्त पिशवी ५,२०० सिल्व्हरला (खेळातलं चलन) असताना तू ४,०००ला लावतोस आणि ती दोन मिनिटांत जाते. तुझं म्हणणं असं, 'दादा, माल घरचाच, खर्च शून्य, म्हणजे आलेले सगळे नफ्याचेच. मग महिनाभर खेळून पैसा का साचत नाही? आणि भाव नेमका लावायचा कसा?'

पैसा साचत नाही, कारण दर पिशवीमागं तू साडेचारशे सिल्व्हर घालवतोयस. हिशेब पुढं देतो. आधी एक घरची गोष्ट.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात चार माग चालवायचे, चादरीचे. एकदा सूत स्वस्तात मिळालं म्हणून त्यांनी भरपूर भरून ठेवलं. दोन महिन्यांत सुताचा भाव चढला. वडिलांनी मात्र चादरीचा दर जुन्या सुतावरच काढला. 'आपल्याला स्वस्त पडलंय, आपण स्वस्त देऊ, माल उठेल.' माल उठला. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यानं एका चादरीलाही घासाघीस केली नाही. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. पैसे हातात आल्यावर वडील पुन्हा सूत आणायला गेले, तर त्या पैशात आधीच्या पाऊणपट सूतही येईना. रात्री आईनं वही पुढं ओढली आणि म्हणाली, 'अहो, सूतच विकलं असतं तर?' तिनं बेरीज करून दाखवली. विणकरांची मजुरी नाही, लाइट बिल नाही, काही नाही. सूत जसं आलं तसं विकलं असतं तरी जास्त उरले असते. वडील काही बोलले नाहीत. पण त्यानंतर दर काढताना ते सुताचा भाव आजचा लिहायचे, बिलावरचा नाही.

मी स्वतः दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं कॉस्टिंग बघतो आणि रात्री दहानंतर मार्टलॉकमध्ये, खेळातल्या एका शहरात, असतो. दोन्हीकडं आईचाच प्रश्न विचारतो: हे बनवलंच नसतं तर हातात काय आलं असतं?

आता तुझी पिशवी. तिला ८ कापड आणि ८ लेदर लागतं. भाव रोज हलतात, म्हणून हिशेबापुरतं कापड ३०० आणि लेदर ३४० धरू. ८ गुणिले ३०० म्हणजे २,४००, ८ गुणिले ३४० म्हणजे २,७२०. एकूण ५,१२०. हा माल तू पिशवी न करता तसाच बाजारात लावलास तर काय मिळेल? प्रीमियम नसलेल्याला विक्रीवर ८ टक्के कर आणि ऑर्डर लावताना अडीच टक्के फी. साडेदहा टक्के गेले, हातात ४,५८२.

पिशवी केलीस आणि ४,०००ला विकलीस तर साडेदहा टक्के जाऊन ३,५८० मिळतात. शहरातल्या स्टेशनवर (वस्तू बनवायची जागा, ती एखाद्या खेळाडूच्या मालकीची असते) बनवल्यावर सरासरी १५.२ टक्के माल परत मिळतो. तो ७७८ सिल्व्हरचा होतो, विकलास तर ६९७. दोन्ही मिळून ४,२७७. स्टेशनच्या मालकाची फी १५० धर. उरले ४,१२७. माल तसाच विकला असतास तर ४,५८२. म्हणजे ४५५ सिल्व्हरचा खड्डा, वर पिशवी बनवायचा वेळ वेगळा.

आणि ती दोन मिनिटांत का जाते, तेही सांगतो. बहुतेक वेळा ती वापरणारा घेत नाही. ती माझ्यासारखा घेतो आणि लगेच ५,१९९ला लावतो. माझं प्रीमियम आहे, मला कर ४ टक्के, फी अडीच. हातात ४,८६१, त्यातले ४,००० तुला दिलेले. आठशे एकसष्ट सिल्व्हर मी दोन बटणं दाबून कमावले. तुझ्या कितीतरी पिशव्या माझ्याच हातून गेल्या असतील, राग मानू नकोस.

मार्केट यार्डात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला जाऊन म्हण, 'कांदा घरचाच, मग जो भाव येईल तो नफाच की!' तो तुला पट्टी दाखवेल. त्यावर हमाली आहे, तोलाई आहे, गाडीभाडं आहे, आणि जे लिहिलेलं नाही ते म्हणजे त्याचे चार महिने. तू रात्रभर फिरून फायबर तोडलंस तो वेळ काही कुठं गेलेला नाही, तो त्या फायबरच्या बाजारभावात बसलेला आहे. ईव्ह ऑनलाइन हा २००३पासून चालू असलेला खेळ आहे. तिथं 'मी खणलेलं खनिज फुकट' हे वाक्य नवशिक्याची टर उडवायलाच वापरतात.

इथं एक मुद्दा तुझ्या बाजूचाही आहे. मी माल विकत घेऊन पिशवी करतो तेव्हा मला तो ५,१२०ला पडतो. तुझ्यासाठी त्याच मालाची किंमत ४,५८२ आहे, कारण विकायला गेलास तर तुला तेवढेच मिळतील. मधला फरक कर आणि फी खातात. म्हणून तू माझ्यापेक्षा थोडं खाली जाऊनही शहाणपणानं विकू शकतोस. किती खाली? वरच्याच आकड्यांत: ०.८९५ गुणिले भाव, अधिक परत आलेल्या मालाचे ६९७, वजा फी १५०, हे ४,५८२ला टेकलं पाहिजे. भाव येतो ४,५०८. तुझ्यासारखंच प्रीमियम नसलेला, पण सगळा माल विकत घेणारा माणूस ५,०१९च्या खाली गेला की तोट्यात (परत आलेला माल तो पुढच्या पिशवीत वापरतो, म्हणून त्याचे पूर्ण ७७८ धरलेत). तुझ्याकडं हे पाचशेचं अंतर खरोखर आहे, ते वापर. पण ४,५०८च्या खाली भाव येणार असेल तर पिशवी करूच नकोस, कापड आणि लेदर विकून मोकळा हो.

हाच प्रश्न एक पायरी आधी, कापडाच्या वेळीही विचारायचा. चौथ्या टियरच्या एका कापडाला २ हेम्प (त्याच टियरचं फायबर) आणि तिसऱ्या टियरचं १ कापड लागतं. हेम्प ९० आणि खालचं कापड १३० धरलं तर ३१० सिल्व्हरचा माल. तू म्हणतोस की जवळ पडतं म्हणून फायबर आणि हाइड दोन्ही मार्टलॉकलाच रिफाइन करतोस, म्हणजे त्यांचं कापड आणि लेदर तिथंच करतोस. हाइडला ठीक आहे, मार्टलॉक हाइडचंच गाव. फायबरचं गाव लिमहर्स्ट. आपल्या गावात रिफाइन केलं तर फोकसशिवायही (फोकस म्हणजे प्रीमियमवर रोज मिळणारे गुण, ते खर्चले की माल जास्त परत येतो) ३६.७ टक्के माल परत येतो, परक्या गावात फक्त १५.२. म्हणजे तेच कापड लिमहर्स्टला १९६ला पडतं आणि मार्टलॉकला २६३ला. बाजारात ते ३००ला विकून तुझ्या हातात येणार २६८. स्टेशनची फी दिली की मार्टलॉकचं कापड काठावर, किंवा काठाच्या पलीकडं. टॉवेलच्या धंद्यात सूत, रंग आणि विणाई यांचं कॉस्टिंग वेगवेगळं करतात ते याचसाठी. एकत्र केलं की एका खात्याचा तोटा दुसऱ्या खात्याच्या नफ्यात लपतो आणि वर्षानुवर्षं कळत नाही.

आता भावाकडं वळू. सरळ सांगतो, भाव तू लावत नाहीस. खर्च काढायचा, त्यावर दहा-पंधरा टक्के चढवायचे, हा हिशेब वाण्याच्या दुकानात चालतो. इथं हजारो लोक तीच पिशवी बनवतात, आणि त्यातले बरेच तर सिल्व्हर कमवायला बनवतच नाहीत. ते फेमसाठी, म्हणजे अनुभवाच्या गुणांसाठी, बनवतात. डेस्टिनी बोर्डवर (खेळातला कौशल्यांचा तक्ता) पुढची टियर उघडायची तर खालच्या टियरचे ढीग काढावे लागतात, आणि ते ढीग मग जे येईल त्याला फुंकून टाकतात. त्यांच्या दृष्टीनं तोटा ही शिकण्याची फी आहे. म्हणून खालच्या टियरच्या कितीतरी वस्तू लागलेल्या मालाच्या भावापेक्षाही स्वस्त मिळतात. नवीन खेळाडूला हे वेडेपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. अशा माणसाशी भावात लढून तू जिंकणार नाहीस, कारण त्याला जिंकायचंच नाहीये. म्हणून माझ्या वहीत 'किती भाव लावू' हा रकानाच नाही. बाजारभाव लिहायचा, आपला काठाचा भाव लिहायचा, आणि आज हे बनवायचं की नाही एवढं ठरवायचं. नाही आलं तर दुसरी वस्तू बघायची, नाहीतर कच्चा माल विकायचा. महिन्यातले निम्मे दिवस मी काहीच बनवत नाही.

बाजारभाव म्हणजे तरी कुठला? सगळ्यात वर दिसणारा स्वस्त भाव हा फक्त एका माणसाचं मागणं असतो. त्याच्या बाजूला आलेख आहे, दिवसाला सरासरी कितीला आणि किती नग गेले याचा. मी आधी नग बघतो. हे शिकायला मला चांगलाच फटका बसला. एका रविवारी पिशवीमागं पाचशेच्या आसपास सुटत होते, म्हणून मी २४० पिशव्या एकदम काढल्या आणि सगळ्या एकाच शहरात लावल्या. त्या शहरात त्या टियरच्या पिशव्या दिवसाला जेमतेम चाळीस जात होत्या, आणि विकणारा काही मी एकटा नव्हतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्याखाली एक सिल्व्हरनं गेलं, तिसऱ्यानं पन्नासनं, मी चिडून शंभरनं. मंगळवारपर्यंत ५,२००ची पिशवी ४,६००वर आली होती, आणि ती आणणारा मुख्यतः मीच होतो. ऑर्डरची अडीच टक्के फी आगाऊ जाते आणि ऑर्डर काढून घेतली तरी परत मिळत नाही, त्यामुळं हातही बांधलेले. आमच्या साहेबांना रात्री जागून डोळे लाल का झालेत ते सांगता येईना.

तेव्हापासून एका शहरात दिवसाला जेवढे नग जातात त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त मी लावत नाही. हा कुठला नियम नाही, माझा अंदाज आहे. खाली जायचं तर एक-दोन सिल्व्हरनं. शंभरानं खाली गेलास तर तुझी पिशवी लवकर जाते असं नाही, फक्त पुढच्याचा भाव शंभरानं पडतो. आणि समोरच्यानं अगदी वेड्यासारखा भाव लावला असेल तर त्याच्याखाली जाऊ नकोस, त्याचा माल विकत घे. तुझ्याबाबतीत लोक हेच करत होते.

भाव आणि मागणी यांची चाल तुला गड्ड्याच्या यात्रेत दिसेल. जानेवारीत होम मैदानावर पहिल्या आठवड्यात खेळणीवाला रुपया सोडत नाही, आणि शेवटच्या दिवसांत तोच माणूस हाक मारून अर्ध्यात देतो, कारण उरलेला माल गाडीत भरून पुढच्या गावी न्यायचा खर्च त्याला दिसत असतो. खेळात मोठा अपडेट यायच्या आधी साठा केलेले लोक असेच हाका मारतात. पण एका बाबतीत आल्बियनचा बाजार यात्रेपेक्षा बरा: लाल आणि काळ्या झोनमध्ये मेलेल्या खेळाडूची सगळी चीजवस्तू लुटली जाते आणि त्यातला काही भाग कायमचा नष्ट होतो. पिशव्या रोज मरतात, म्हणून पिशव्या रोज लागतात. ही मागणी आटत नाही.

मरण्यावरून आठवलं, कार्लियन, खेळातलं आणखी एक शहर. तू विचारलंस की तिथल्या ब्लॅक मार्केटमध्ये पिशवीला जास्त भाव दिसतो, तर तिकडं न्यावी का. तो बाजार खेळाडूंचा नाही. तिथं खेळ स्वतः माल घेतो आणि तोच माल पुढं राक्षसांना मारल्यावर खेळाडूंना मिळतो. कुणी माल दिला नाही तर तिथला भाव चढत जातो. पण भाव चढतो त्याचं कारण रस्ता आहे. कार्लियनच्या भोवती लाल झोन आहेत. मी मे महिन्यात एकदा बैल भरून निघालो होतो, शेवटच्या नकाशात होतो, दार समोर दिसत होतं, आणि घरची लाइट गेली. पंखा थांबला, वायफाय गेलं. मोबाइलचा डेटा चालू करून परत आत शिरेपर्यंत तिघांनी माझं कल्याण केलं होतं. बैलासकट. त्या दुपारी घाम लाइट गेल्यामुळं आला की नुकसानीमुळं, सांगता येणार नाही.

त्यामुळं जोखीम भावात धर. तुझ्या बारा फेऱ्यांत एक फेरी लुटली जाते असं वहीवरून दिसलं, तर पोचलेल्या अकरा फेऱ्यांनी बारावीचा माल भरून काढला पाहिजे. म्हणजे मालाच्या किमतीवर सुमारे ९ टक्के जास्त, शिवाय बैलाची किंमत आणि अर्धा तास. एवढं धरूनही कार्लियन परवडत असेल तर जा. फेऱ्या मोजल्याशिवाय जाऊ नकोस. माणसाला पोचलेल्या फेऱ्या लक्षात राहतात, बुडालेल्या 'त्या दिवशी नशीब खराब होतं' म्हणून खात्यातून गळतात.

प्रीमियम घ्यावं का, हेही विचारलंयस. महिन्याला किती विकतोस त्यावर आहे. कर ८चा ४ टक्के होतो, तेव्हा महिन्याच्या विक्रीचे ४ टक्के काढ आणि प्रीमियमच्या किमतीशी ताडून बघ. त्यावर रोज १०,००० फोकस मिळतो, ३०,०००पर्यंत साठतो, पुढचा वाहून जातो. फोकस लावून पिशवी केली तर १५.२ऐवजी ४३.५ टक्के माल परत येतो, म्हणजे आपल्या उदाहरणात पिशवीमागं १,४४९ सिल्व्हर वाचतात. लोक इथंच पुन्हा तीच चूक करतात. 'फोकस तर रोज फुकट मिळतो' म्हणून पिशवी त्या हिशेबानं स्वस्त विकून टाकतात. फोकसही सूतच आहे. वाचलेल्या सिल्व्हरला खर्च झालेल्या फोकसनं भाग, आणि तोच फोकस हाइडच्या रिफाइनिंगला लावला तर एका फोकसमागं किती सुटतात ते बघ. माझ्याकडं बहुतेक वेळा रिफाइनिंग जिंकतं. तुझ्याकडं तुझ्या लेव्हलवर ठरेल.

दुसऱ्या खेळात गेलास तर आकडे बदलतील, पण विचार हाच. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये बऱ्याच वस्तूंना खालून एक आधार आहे: हाय अल्केमी (वस्तूची नाणी करणारा मंत्र) केली की वस्तूच्या ठरावीक मूल्याच्या ६० टक्के नाणी मिळतात, त्यामुळं भाव त्याच्या फार खाली पडत नाही. तिथल्या बाजारात, ग्रँड एक्स्चेंजवर, २०२१मध्ये १ टक्का कर आला, २०२५मध्ये तो २ टक्के झाला. ईव्हमध्ये ब्लूप्रिंट (वस्तू बनवायचा आराखडा) सुधारून माल जास्तीत जास्त १० टक्के वाचवता येतो, आणि तिथला बाजार इतका मोठा झाला की कंपनीनं २००७मध्ये चक्क एक अर्थतज्ज्ञ नोकरीवर ठेवला. नवीन खेळात पहिल्या दिवशी मी तीनच गोष्टी शोधतो: कर किती, माल परत किती, आणि वस्तू नष्ट कुठं होते.

राहिल्या तू बनवून ट्रंकेत ठेवलेल्या साठ पिशव्या. आता मी म्हणेन ते वरच्या हिशेबाच्या उलट वाटेल. त्यांना ४,५०८चा काठ लागू नाही. तो काठ बनवायचं की नाही हे ठरवण्यापुरता होता. त्यातलं कापड आता परत कापड होणार नाही. आईनं वहीत बेरीज केली तेव्हाही राहिलेल्या पन्नासेक चादरी वडिलांना विकाव्याच लागल्या, पण आजच्या भावानं, हळूहळू. साठातल्या ज्या चांगल्या दर्जाच्या निघाल्या असतील त्या आधी बाजूला काढ, त्या साध्यांच्या भावात घालवू नकोस. बाकीच्यातल्या दहा आज रात्री सध्याच्या सगळ्यात स्वस्त भावाच्या एक सिल्व्हर खाली लाव आणि झोप. सकाळी कॉलेजला निघायच्या आधी किती गेल्या ते बघ, तेवढ्याच पुन्हा लाव. पिशव्या संपेपर्यंत नवीन फायबर लिमहर्स्टलाच ने, आणि कापड झालं की पिशवीच्या स्टेशनकडं जायच्या आधी बाजार उघडून लेदरचा त्या दिवशीचा भाव वहीत लिही.